दानांग झोपेत गेलं

ज्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीनं पाणी येत होतं, त्याच उन्हाळ्यात मी आणि माझी नणंद परदेशात आगगाडीनं फिरत होतो. हे सांगताना मला अजून अवघडल्यासारखं होतं. गल्लीतल्या बाया घागरी धरून रांगेत, आणि आम्ही दोघी व्हिएतनामात, गार डब्यात, खिडकीशी. पण झालं ते असं झालं.

माझी लेक तेव्हा सायगॉनला नोकरीला होती. एका सकाळी तिचा फोन आला. मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि घरात पाणी सोडून दुसरा विषय नव्हता. "आई, तू आणि आत्या महिनाभर इकडं या," ती म्हणाली. "इथं नळाला रोज पाणी येतं." मी म्हटलं, बाबांचं काय? तर आतून हेच ओरडले, "मी बघतो पाण्याचं. जा तुम्ही!"

आत्या म्हणजे माझी नणंद. यांच्या पाठची, पण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी त्यांना अक्का म्हणते आणि त्या मला वैनी म्हणतात. सगळी नोकरी त्यांनी नांदेड जिल्ह्यात नर्स म्हणून केली. आधी लोह्याकडच्या एका उपकेंद्रात, मग भोकर तालुक्यात. नवरा गेला, नोकरी संपली, तशा त्या आमच्याकडे लातूरला आल्या. बरोबर एक पत्र्याची पेटी, चार लुगडी आणि बुद्धाची एक तसबीर.

अक्कांना झोप नव्हती. म्हणजे त्या आडव्या व्हायच्या, डोळेही मिटायच्या, पण शेजारच्या फाटकाची कडी वाजली तरी उठून बसायच्या. त्या दुष्काळात तर हे घराच्या सोयीचंच झालं. नळाला पाणी किती दिवसांनी आणि कुठल्या घटकेला येईल याचा नेम नव्हता. टँकरचं तर विचारूच नका. "तुमी झोपा वैनी, मी हाय," अक्का म्हणायच्या, आणि आम्ही निर्लज्जासारखे झोपायचो. त्यांचे डोळे खोल गेले होते, चालताना भिंतीला हात लावायला लागल्या होत्या. मला ते दिसत होतं. पण त्या जाग्या होत्या म्हणून आमची टाकी भरत होती, आणि भरलेल्या टाकीपुढं मी गप्प बसत होते.

सायगॉनला पोचल्यावर सुरुवातीचे काही दिवस अक्का नुसत्या नळाखाली हात धरायच्या आणि लगेच तोटी बंद करायच्या. लेकीनं आमचा प्रवास आखून ठेवला होता. सायगॉनहून स्लीपर गाडीनं उत्तरेला दानांग. तिथं दोन दिवस मुक्काम, समुद्र बघायचा. मग दानांगहून दुसऱ्या गाडीनं हनोई, आणि हनोईला ती स्वतः विमानानं येऊन आम्हाला भेटणार. तिकिटं तिनं प्लास्टिकच्या पाकिटात घालून माझ्या हातात दिली. "दानांग दुपारी येईल. उतरायचं विसरू नको." मी म्हटलं, अगं, कलेक्टर कचेरीत जन्म गेला माझा. कागद कसा वाचायचा ते मला नको शिकवू.

गाडी संध्याकाळी सुटली. चार बर्थची खोली होती, दार ओढून घेतलं की घरासारखी. खालचे दोन्ही बर्थ आमचे. वरच्या एका बर्थवर कुणी गृहस्थ तोंडावर टोपी ओढून झोपले होते, दुसरा रिकामा होता. समुद्र पलीकडं, बोळाच्या बाजूला. आमच्या खिडकीला डोंगर आणि शेतं.

सकाळी मला जाग आली तेव्हा अक्का उठून बसलेल्या होत्या. केस विंचरलेले, पदर खांद्यावर, पाय जोडून. ड्यूटीवर असल्यासारख्या. बाहेर बघत होत्या.

बाहेर पाणी होतं. भाताच्या खाचरांत भरलेलं, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत, डोंगराच्या पायथ्यापर्यंत. त्यात आभाळ उतरलेलं होतं. एक म्हैस गळ्यापर्यंत त्या आभाळात उभी होती. शेताच्या मधोमध रंगीत थडगी होती, त्यांच्याही पायाशी पाणी. गाडी हळू चालली होती, इतकी एकसुरी, की काही वेळानं वाटायला लागलं, खिडकी जागच्या जागीच आहे आणि पाणीच आपल्या पायानं चाललंय.

"वैनी, हे समदं पाणीच हाय का?"

"भाताची शेतं आहेत, अक्का."

"ते कळतंय मला. पण पाणी बगा की किती. अन् राखणीला कुणीच न्हाई."

शेंगदाण्याच्या चटणीशी दशमी खाल्ली, थर्मासमधला चहा प्यालो. मग अक्का म्हणाल्या, "जरा पाठ टेकते," आणि खिडकीकडं तोंड करून आडव्या झाल्या. थोड्या वेळानं मी काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. वाकून पाहिलं तर त्या झोपल्या होत्या.

मी त्यांना तसं झोपलेलं कधीच पाहिलं नव्हतं. तोंड थोडं उघडं, हात बर्थच्या कडेवरून खाली लोंबलेला, कपाळावरची आठी गेलेली. गाडी रुळावर खडखडली, बाहेर कुणी विक्रेती ओरडत गेली, वरच्या गृहस्थांनी खोकून कूस बदलली. अक्का हलल्या नाहीत. मी त्यांचा हात उचलून त्यांच्या पोटावर ठेवला. तरीही नाही.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट आहे. मी कचेरीत टंकलेखक म्हणून नुकती लागले होते. कचेरीही नवी, पण खुर्च्या, कपाटं आणि कागद सगळे जुन्या जिल्ह्याचे. नवे शिक्के यायचे होते. आम्ही जुन्या जिल्ह्याचं नाव शाईनं खोडून वर लातूर लिहायचो आणि बाजूला सही मारायचो. पोटात लेक होती. दिवस भरत आले तशा अक्का लोह्याहून रजा काढून आल्या. बाळंतपण घरीच झालं, अवघड झालं, आणि मला मागून ताप चढला. त्या दिवसांतलं मला एवढंच आठवतं की डोळे उघडले की अक्का. भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर बाळ, डोळे टक्क उघडे. महिनाभर तसंच चाललं होतं. त्या कधी निजल्या, मला ठाऊक नाही. तेव्हा विचारायचं सुचलं नाही, नंतर राहूनच गेलं.

दुपारी डब्याच्या बाईनं दारावर टकटक केली. निळा गणवेश, छातीला बिल्ला. घड्याळावर बोट ठेवून म्हणाली, "दानांग, दानांग." मी मान हलवली. बॅगा खाली ओढल्या, अक्कांच्या चपला सरळ करून ठेवल्या, दशम्यांचा डबा पिशवीत घातला. मग त्यांच्या खांद्याकडं हात नेला.

हात तिथंच राहिला. उठवायचं आहे, हे मला माहीत होतं. गाडीचा वेग कमी झाला, घरं आली, फलाट आला, गाडी थांबली. मी मनात म्हटलं, अजून वेळ आहे. दानांगला गाडी बरीच थांबते. तिथं रूळ पुढं जात नाही, म्हणून इंजिन या टोकाचं काढून त्या टोकाला जोडतात आणि गाडी आल्या दिशेला परत निघते. हे मी खिडकीतून बघत होते. इंजिन सुटलं, एकटंच शेजारच्या रुळावरून मागं गेलं. अजून वेळ आहे. फलाटावर माणसं उतरली, पांगली. मला घाम फुटला होता आणि तरी आतून एक शांतता वाटत होती, जशी लहानपणी नांदेडला गोदावरीच्या घाटावर पाण्यात पाय सोडून बसलं की वाटायची. हाक ऐकू येते, पण उठावंसं वाटत नाही.

दार सरकलं. आमच्याच वयाची एक बाई आत आली, हातात वेताची टोपली. तिनं तिकीट बघितलं, बर्थचा नंबर बघितला आणि मग बर्थवर झोपलेल्या अक्कांना बघितलं. दानांगपासून तो बर्थ तिचा होता.

मी उभी राहिले. हात जोडले. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. मी अक्कांकडं बोट केलं, डोळे मिटून दाखवले, मग दोन्ही हातांनी काहीतरी खूण केली, जिचा अर्थ मलाही सांगता आला नसता. ती बाई माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं टोपली खाली ठेवली, माझ्या बर्थवर माझ्या शेजारी बसली आणि ओठांवर बोट ठेवलं.

तेवढ्यात गाडी हलली, आली होती त्याच्या उलट. दानांग मागं गेलं.

मी बोळात जाऊन लेकीला फोन लावला. ती ऑफिसात होती.

"पोचलात? हॉटेलची गाडी आली का?"

"नाही उतरलो आम्ही."

"म्हणजे?"

"आत्या झोपलीय तुझी."

"अगं मग उठव तिला! गाडी सुटायच्या आत उतरा!"

"गाडी सुटली."

"आई!" ती मोठ्यानं म्हणाली. मग आवाज खाली आणून, "बरं. आता पुढच्या स्टेशनवर उतरा, ह्वे येईल अडीच-तीन तासांनी. तिथून टॅक्सी करून देते. तोवर तिला उठव."

"मी उठवणार नाही."

माझी लेक हुशार आहे, आणि आत्याला ओळखते. "किती वेळ झाला?" तिनं विचारलं.

"सकाळी नाश्ता केला तेव्हापासून."

"आत्या?"

"हो. आत्याच."

"थांब," ती म्हणाली. "काय होतंय ते बघून सांगते."

मी परत आत आले आणि खिडकीत समुद्र होता. गाडी उलटी फिरल्यामुळं डब्याची आमची बाजू आता समुद्राकडं झाली होती. डोंगराच्या कड्यावरून रूळ गेला होता, गाडी वळणावळणानं, अगदी सावकाश चालली होती. खाली, फार खाली, हिरवं पाणी. पांढरी रेघ किनाऱ्याला लागायची, पुसायची. बोगदा आला की अंधार व्हायचा, आणि त्या काळ्या काचेत आमच्या तिघींचे चेहरे दिसायचे, झोपलेला एक, जागे दोन. बोगदा संपला की चेहरे जायचे आणि त्या जागी समुद्र यायचा. ती बाई मला उकडलेल्या शेंगा देत होती. आमच्याकडं शेतात खातात तशाच, मिठाच्या. मी तिला चटणी दिली. तिनं चाखली, डोळे पुसले, पुन्हा मागितली. अक्कांच्या गळ्यातल्या दोऱ्याला बुद्धाचं छोटं पदक आहे, ते झोपेत बाहेर आलं होतं. तिला ते दिसलं. तिनं त्यांच्या दिशेनं हात जोडले आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

लेकीचा फोन आला. दानांगहून हनोईची आमची तिकिटं परवाची होती. तिनं ती रद्द करून याच गाडीत पुढची दोन मिळवली होती. "पण सातव्या डब्यात आहेत," ती म्हणाली, "सहा बर्थची खोली. एक मधला आणि एक सगळ्यात वरचा. आत्ताच्या जागा सोडाव्या लागतील. डब्यातल्या बाईला फोन दे."

गणवेशातली बाई आली. लेकीशी बोलली, मग तिच्याजवळच्या लांबलचक यादीवर तिनं आमचे नंबर शोधले. पेनानं खोडले, बाजूला सातव्या डब्याचे लिहिले आणि पुढं सही मारली. ते बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आपल्या कचेरीतल्यासारखंच. मग तिनं झोपलेल्या अक्कांकडं आणि दारात ठेवलेल्या बॅगांकडं बघून मला चला अशी खूण केली.

शेंगावाली बाई तिच्याशी बोलायला लागली. हळू आवाजात, पण बरंच काही. मला एक शब्द कळला नाही. गणवेशातली बाई एकदा नाही म्हणाली, दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा तिनं यादी काखेत मारली आणि निघून गेली.

ह्वे आलं. तिथून माझा बर्थ ज्याचा होता, तो एक तरुण आत आला. शेंगावालीनं त्यालाही काहीतरी सांगितलं. त्यानं बूट काढले आणि निमूटपणे वरच्या रिकाम्या बर्थवर चढला. म्हणजे माझ्या नणंदेच्या झोपेसाठी तोवर किती माणसांच्या जागा बदलल्या होत्या बघा, आणि त्यांना पत्ता नव्हता.

ह्वे सुटल्यावर पुन्हा सपाट मुलूख लागला. ऊन उतरलं होतं. खाचरांतलं पाणी आधी पिवळं झालं, मग तांबूस. तेव्हा अक्कांनी डोळे उघडले. पडल्या पडल्या बाहेर बघत राहिल्या. मग विचारलं, "दानांग आलं का?"

"गेलं."

"कवा?"

"दुपारीच."

त्या उठून बसल्या. समोर अनोळखी बाई, वरच्या बर्थवर नवा माणूस, दाराशी बॅगा. त्यांना समजायला वेळ लागला नाही. "ही जागा हिची हाय?"

"हो."

"अन् मी दाबून झोपले? वैनी, तुमी मला कामून उठवलं न्हाई?"

"उठवावंसं वाटलं नाही."

त्या माझ्यावर रागावल्या होत्या. घाईनं पांघरुणाची घडी केली, उशी झटकली, चादरीच्या सुरकुत्या हातानं काढल्या, दवाखान्यातली खाट दुसऱ्या पेशंटला द्यायची असावी तशा. मग त्या बाईपुढं हात जोडून मराठीतच म्हणाल्या, "बाई, लई तकलीफ दिली तुमाला." ती बाई हसली, गालाखाली दोन्ही तळवे धरून तिनं मान कलती केली, आणि अक्कांच्या घोरण्याची नक्कल केली. वरचा तरुण खुदकन हसला. अक्कांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या.

सामान घेऊन आम्ही सातव्या डब्याकडं निघालो. शेंगावालीनं एक बॅग उचलली होती, आम्ही नको म्हणत असताना. तिथवर आली, अक्कांचा हात धरून दोनदा हलवला आणि परत गेली. सातव्या डब्यातल्या खोलीत बाकीचे प्रवासी गप्पा मारत खाली बसले होते. आम्ही बोळातल्या घडीच्या खुर्च्यांवर बसलो. बाहेर अजून थोडा उजेड होता.

"भोकरकडच्या उपकेंद्रात होते तवाचं," अक्का आपणहून बोलायला लागल्या. "दोन रात्री लागोपाठ बाळंतपणं झालती. तिसऱ्या दिवशी भर दुपारी पडले, ती उठलेच न्हाई. एक बाई आली, पहिलटकरीण. तिच्या सासूनं दार वाजवलं, हाका मारल्या. मला ऐकू न्हाई आलं. वट्ट्यावरच बाळंत झाली ती."

मी विचारलं, "मग?"

"मग काय? काय न्हाई. बाळ चांगलं, आई चांगली. पोरगी झालती, गोरीपान. मी उठले तवा सासूच नाळ धरून बसलेली. शिव्या न्हाई दिल्या तिनं मला. येवढंच म्हणली, सिस्टर झोपल्या व्हत्या. साधंच म्हणली. पण मंग मला झोप लागंना. त्या दिसापासून."

खिडकीत आता दिवे दिसत होते, एकेक, लांब. "आज तर लागली," मी म्हटलं.

"हाव," अक्का म्हणाल्या. "आज कुणाचं काय अडलं न्हाई." आणि जरा वेळानं, "तुमी समुद्र बघितला का?"

मी त्यांना सांगितलं. कडा, बोगदे, हिरवं पाणी, पांढरी रेघ. त्यांनी बारीकसारीक विचारलं, होड्या होत्या का, लाटांचा आवाज येत होता का. मी सगळं सांगितलं. नसलेल्या दोन होड्याही घातल्या.

हनोईला आम्ही दोन दिवस आधी पोचलो. लेकीनं खोली मिळवून ठेवली होती. ती आली तेव्हा माझ्यावर रागवायचं ठरवून आली होती, पण आत्याचा चेहरा बघून विसरली.

लातूरला परतलो तर हे वाळून काडी झाले होते. ड्रम मात्र सगळे भरलेले, वर फडकी बांधलेली. संध्याकाळी शेजारणी जमल्या. काय काय बघितलं, विचारायला लागल्या. मी आत चहा टाकत होते. बाहेर अक्का सांगत होत्या, डोंगराच्या कड्यावरून गाडी कशी जाते, खाली समुद्र कसा हिरवागार, बोगद्यात कसा अंधार होतो आणि मग एकदम उजेड. "दोन होड्या व्हत्या बगा," त्या म्हणाल्या, "येवढ्या येवढ्याशा."

मी चहा घेऊन बाहेर आले. अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. मी कप वाटायला लागले. नंतर त्यांनी ते अनेकदा सांगितलं, दर वेळी थोडं वाढवून, आणि आता मला तो डबा आठवला की अक्का खिडकीशी बसलेल्याच दिसतात, पदर खांद्यावर घेऊन, काचेला नाक लावून. ते खरं नाही हे मला माहीत आहे. पण मी आता ते दुरुस्त करत नाही.

झोपेचं म्हणाल तर काही फार बदललं नाही. त्या अजूनही कडी वाजली की उठतात. फक्त परतल्यावर नळाची पाळी आम्ही तिघांत वाटून घेतली. यांचा एक दिवस, माझा एक, अक्कांचा एक. माझ्या पाळीला मी वट्ट्यावर खुर्ची टाकून बसायची, आणि आतून अक्का विचारायच्या, "आलं का?"

"नाही अजून," मी म्हणायची. "पडा तुम्ही."

थोड्या वेळानं त्या बाहेर येऊन माझ्या शेजारी बसायच्याच.